गुल्हाने साहेबांच्या नावाचं गाऱ्हाणं

देवकीची शेड अजून बांधून झालेली नव्हती, पण तिचं दार कुठे आहे हे धारगळात सगळ्यांना ठाऊक होतं. घरामागच्या पडीक तुकड्यात तिने चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकून सुंभाची दोरी ताणली होती आणि एका बाजूला दोन हात जागा मोकळी सोडली होती. तेच दार. सुरुवातीला तिचा नवरा सगुण एकदा दोरी ओलांडून सरळ आत आला, तर तिने त्याला तसाच मागे फिरवला.

"भिंतीतसून कसो येतंस रे? भूत आसंस काय?"

सगुण मुकाट्याने वळसा घालून आला आणि दारात पाय पुसल्यासारखे करून आत शिरला. तेव्हापासून शेजारपाजारचेही तसंच करू लागले. एका घराला लागलेलं खूळ वाडीभर पसरायला कितीसा वेळ लागतो!

खूळ होतं ब्रॉयलर कोंबड्यांचं. परसातल्या पत्र्याच्या खोपटात देवकी दोन वर्षं थोड्या थोड्या कोंबड्या वाढवत होती आणि हमरस्त्यावरच्या खानावळींना, शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात विकत होती. हात चांगला बसला होता. आता एका कंपनीने तिला विचारलं होतं. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषधं कंपनीची. शेड, पाणी, वीज आणि राबणं देवकीचं. कोंबडी मोठी झाली की कंपनी उचलणार आणि वजनावर वाढवणीचे पैसे देणार. फक्त शेड हवी पक्की, लांबलचक, सिमेंटच्या जमिनीची. कंपनीचा माणूस साईश मोटारसायकलवरून यायचा, दोरीच्या दारातून आत यायचा आणि दर खेपेला एकच सांगून जायचा.

"देवकीवैनी, शिगम्याआदीं बँकेचां पत्र दाखय. नायतर हो नंबर माका दुसऱ्याक दिवचो पडतलो. माझ्या डोक्यारय सायब आसत."

शिगमा तोंडावर आला होता आणि बँकेचं पत्र कुठेच नव्हतं.

कर्जाच्या बाबतीत सगुणचं स्वतःचं एक मत होतं आणि ते तो कोणीही न विचारता सांगायचा. खाणी जोरात चालू होत्या तेव्हा तो डिचोलीला खनिजाचा ट्रक चालवायचा. त्या दिवसांत बँकवाले ट्रकाला कर्ज द्यायला खाणीवर टेबलं टाकून बसायचे, वर चहा पाजायचे. "कित्याक, तर ट्रक मरना आणि कोंबडी मरता," तो म्हणायचा. "मगे खाणी बंद पडल्यो. ट्रक आमच्या डोळ्यांमुखार मेलो. कोंबडी अजून जिवी आसा." यावर कोणाकडेच उत्तर नसायचं. बँकेकडे तर नव्हतंच, कारण सगुणने ते बँकेत कधी बोलूनच दाखवलं नाही. तिथे गेला की तो दाराजवळच्या खुर्चीत बसून पंख्याकडे बघायचा आणि पुढे देवकी जायची.

पुढे म्हणजे गुल्हाने साहेबांच्या टेबलापर्यंत. गुल्हाने मूळचे यवतमाळकडचे, शेतकी शिकलेले, वर्षभरापूर्वी बदली होऊन आलेले. माणूस वाईट नव्हता. पण कोंबडी हा शब्द निघाला की त्यांच्या कपाळावर घाम यायचा. दुसऱ्या कुठल्याशा शाखेत त्यांच्या ओळखीच्या एका साहेबाने पोल्ट्रीला कर्ज दिलं होतं. पाहणीला गेला तेव्हा शेड भरून कोंबड्या होत्या. त्याच आठवड्यात त्याने आणखी दोन शेडी पाहिल्या, त्याही भरलेल्या. पुढे कळलं की कोंबड्या तिन्ही ठिकाणी त्याच होत्या, टेम्पोतून साहेबाच्या पुढे पुढे धावत होत्या. गुल्हानेंनी तेव्हाच मनाशी ठरवलं, पोल्ट्रीला हो म्हणायचं नाही. पण नाही म्हटलं तर कोणी तक्रार करील, म्हणून नाहीही म्हणायचं नाही. राहिली स्थळपाहणी. ती पुढच्या आठवड्यात.

देवकीने सगळे कागद आणून दिले होते. जमिनीच्या उताऱ्यावर सगुणच्या नावाबरोबर निम्म्या भाऊबंदांची नावं होती. त्या सगळ्यांच्या घरी जाऊन, कुणाच्या हातापाया पडून, कुणाला कोंबडी देऊन तिने संमत्या गोळा केल्या. कंपनीचं पत्र दिलं, शेडीचा नकाशा दिला. आणि गुल्हाने साहेबांचा पुढचा आठवडा काही येत नव्हता.

"आतां एकच रवलां," एका संध्याकाळी सगुण म्हणाला. "गाऱ्हाणां घालूया."

घाटावरच्या वाचकांना इथे सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर त्यांचाही गुल्हाने व्हायचा. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे तक्रार नव्हे. नवीन काम असो, आजार असो, पोराची नोकरी असो की हरवलेली म्हैस, देवापुढे नारळ ठेवायचा आणि गावातल्या जाणत्या माणसाने सगळ्यांच्या वतीने देवाशी मोठ्याने बोलायचं. बाकीच्यांनी प्रत्येक वाक्यानंतर 'व्हय म्हाराजा' म्हणून त्याला जोड द्यायची. झालं गाऱ्हाणं. त्यात कोणाची चुगली नसते, आणि असली तर थोडीच असते.

देवकीच्या तुकड्याच्या कोपऱ्यात, सातविणीच्या झाडाखाली, राखणदार देवाचा पाषाण होताच. गाऱ्हाणं घालायला भिकाजी होता. त्याचा आवाज असा की तो घरात खोकला की रस्त्यावरची गुरं थांबत. आणि काम ज्याच्या हातात अडकलंय त्याच्या नावाने गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे देव त्या माणसाचं आधी बरं करतो आणि मग तो माणूस आपलं बरं करतो, असा सरळ हिशेब. त्यासाठी माणसाची माहिती हवी. देवकीने ती दोन दिवसांत जमवली. साहेब जिथे भाड्याने राहायचे त्या घरची लक्ष्मी मावशी म्हणाली, रात्री झोप नाही, खोलीत फेऱ्या घालतात, मुलगी दहावीला आहे, बायकोशी फोनवर तेवढंच बोलतात. घरोघर पाव घालणारा पोदेर म्हणाला, सकाळी दोन उंडे, संध्याकाळी दोन उंडे, दुसरं काही खात असतील असं वाटत नाही. देवकीला ऐकून खरोखर वाईट वाटलं. आपण या माणसाला मनात किती शिव्या दिल्या! तिने ठरवलं, गाऱ्हाणं घालायचं ते साहेबांना सांगूनच. पाठीमागून घालणं बरं दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी ती बँकेत गेली. गुल्हाने तिला बघून 'पुढच्या आठवड्यात' म्हणायला तोंड उघडत होते, तेवढ्यात तीच म्हणाली:

"सायबा, पायणीचां रवंदे. बुधवारी आमी तुमच्या नावान गाऱ्हाणां घालतलव. तां सांगूक इललंय."

गुल्हानेंच्या हातातलं पेन टेबलावर पडलं. "माझ्या नावानं? काहून? मी काय केलं जी?"

"तुमी कायच करूक नाय, म्हणान तर," देवकी समजावणीच्या सुरात म्हणाली. "सगळो गाव येतलो."

"सगळं गाव? आणि... कोणाकडे?"

"वयल्याकडे." देवकीने बोट वर केलं. वर छत होतं, छताच्या वर दुसरा मजला, आणि दुसऱ्या मजल्यावर त्या दिवशी नेमके मोठ्या कचेरीतून आलेले तपासणी अधिकारी बसले होते. "आणि हंयच्या-थंयच्या कोणाक सांगूचां नाय आमका. थेट राखणदाराक. भिकाजी घालतलो. तेचां कधी वायां जाना. तुमच्या आदल्या सायबाच्या नावानय तेनाच घातल्लां. म्हयनोभर लागलो नाय, बदली झाली!"

हे खरं होतं. आधीचे साहेब साताऱ्याचे. घराजवळ बदली मिळावी म्हणून झुरत होते, आणि मिळाली तेव्हा भिकाजीला मिठी मारून गेले होते. पण एवढं सगळं सांगायची गरज देवकीला वाटली नाही.

"बाप्पा!" गुल्हाने पुटपुटले.

"आणि नारळ देतलव तुमच्या नावान," देवकीने जाता जाता मान डोलावली. "तुमी भियाव नकात. मोठोसो बघून ठेयलां."

ती बाहेर पडली तेव्हा तिला फार बरं वाटत होतं. "सायब गाऱ्हाण्याचां ऐकून गहिवरलो रे," ती सगुणला म्हणाली. "तेच्या तोंडातसून शब्द फुटना."

बुधवारी सकाळी सातविणीखाली चांगली गर्दी जमली. भिकाजीने अंघोळ करून पंचा नेसला होता, पाषाणापुढे नारळ, उदबत्ती, केळीच्या पानावर रोट. नैवेद्यावरून आदल्या दिवशी थोडा वाद झाला होता. शेड उभी राहिली की राखणदाराला कोंबा द्यायचा हे सगळ्यांना मान्य होतं, पण सगुण म्हणाला कंपनीच्या कोंबड्यांतलाच देऊया, आणि भिकाजी भडकला. ब्रॉयलर राखणदाराला चालत नाही! राखणदार काय हॉटेल आहे? शेवटी गावठी कोंबा ठरला आणि मग गाऱ्हाणं सुरू झालं.

"बा राखणदारा, धारगळच्या सीमेवयल्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या देवकीन आणि सगुणान तुझ्या पायांकडे नारळ ठेयललो आसा, तो गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

एवढ्यात रस्त्यावर एक स्कूटर करकचून थांबली. हेल्मेट डोक्यावर, फाइल काखेत, असे गुल्हाने साहेब शेतातून धावत येताना दिसले. लांबून ते हात हलवत होते. जवळ आले आणि दोरी न बघता थेट आत घुसले.

"सायबा, भिंत!" देवकी ओरडली.

"भिंत! भिंत!" सगळेच ओरडले. गुल्हाने जागच्या जागी गोठले. एक पाय आत, एक बाहेर. भिंत कुठे आहे ते त्यांना दिसेना, पण इतकी माणसं ओरडतायत म्हणजे असणारच. सगुणने त्यांना हाताला धरून अदबीने मागे नेलं, वळसा घालून दारातून आणलं आणि पाषाणापुढे उभं केलं.

"मी हात जोडतो," गुल्हाने धापा टाकत म्हणाले. हेल्मेट काढायचं त्यांना सुचलंच नाही. "गाऱ्हाणं थांबवा. मी आलो ना आता पाहणीला? बघा, फाइल आणली."

"सुरू झाल्लां गाऱ्हाणां मधीं थांबयत नाय," भिकाजीने डोळे न उघडता सांगितलं. "म्हाराजाक राग येता. तर देवा, हो जो बँकेचो गाऱ्हाणेसायब आसा..."

"गुल्हाने!" हेल्मेटमधून आवाज आला.

"...जां काय तेचां नाव आसात, तां तुका ठावक आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तो लांब यवतमाळासून तुझ्या राज्यात इललो आसा. हंयचां पाणी तेका मानवना. दोनय वक्त पोदेराचे उंडे खाता आणि दिस काढता. तेच्या पोटाक बरां कर, तेका रातची नीज दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गुल्हानेंनी हेल्मेट काढलं. ते गोंधळून एकेकाच्या तोंडाकडे बघू लागले. सगळे मनापासून डोळे मिटून उभे होते. एक म्हातारी तर त्यांच्या पोटाकडे हात करून पुटपुटत होती.

"तेची बायल थंय, हो हंय. तेची चली ह्या वर्सा धावीक बसता. ती बऱ्या मार्कांनी पास जावंदी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आता भिकाजीला रंग चढला. एकदा रंग चढला की तो वाटेत भेटेल त्याला गाऱ्हाण्यात घ्यायचा. त्याने स्वतःचा गुडघा घेतला, पंचायतीचा बंद पडलेला नळ घेतला, सगुणच्या भाचीचं अडलेलं लग्न घेतलं, आणि पुन्हा साहेबांवर आला.

"हो माणूस वायट नाय रे देवा. भियेता. तेच्या वयले सायब तेका भेष्टायतत. त्या वयल्यांका बुद्धी दी आणि हेका धीर दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

या खेपेला आवाजात एक नवा आवाज मिसळला होता. गुल्हानेंचे डोळे भरून आले होते आणि त्यांनीही हात जोडले होते. आपल्याला झोप लागत नाही हे या माणसांना कसं कळलं? आपल्या मुलीची परीक्षा हे सगळे कशाला करतायत? वर्षभरात त्यांना कोणी जेवलात का एवढंही विचारलं नव्हतं. पुढच्या वाक्याला ते आणखी मोठ्याने ओरडले, त्याच्या पुढच्याला त्याहून मोठ्याने. आणि मग भिकाजीने शेवटचा श्वास छातीत भरून घेतला:

"आणि ह्या देवकीचां कर्ज आजच्या आज ह्याच सायबाच्या हातान मंजूर करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

हा आवाज एकट्या गुल्हानेंचा होता. बाकीचे ऐकायला थांबले होते. साहेब सातविणीवरचे कावळे उडतील एवढ्या जोरात ओरडले, आणि ओरडून झाल्यावर आपण काय म्हणालो ते त्यांच्या लक्षात आलं.

मग म्हातारी फसकन हसली, आणि मग जे काय सुटलं ते आवरेना. देवकी पोट धरून खाली बसली. हसू थोडं ओसरलं तेव्हा गुल्हानेंनी नारळाची शकलं हातात धरून सांगितलं की त्यांना वाटलं होतं, गाव आपल्याविरुद्ध वर तक्रार करतंय. आणि नारळ देणं म्हणजे तर त्यांच्याकडे नोकरीवरून हाकलणं! दोन रात्री डोळा लागला नव्हता. हे ऐकून हसू पुन्हा सुरू झालं आणि सगुणने तर जमिनीवर अंगच टाकलं.

पण गुल्हाने शेतकी शिकलेले होते. आलेच आहेत तर पाहणी रीतसर करायची म्हणून ते खोपटात शिरले. कोंबड्यांच्या खालचा भुसा मुठीत घेऊन दाबून बघितला, कोरडा होता. वास घेतला, डोळ्यांना झोंबत नव्हता. पाण्याची भांडी बघितली, कोंबड्यांचे पाय बघितले, विहीर बघितली. एक कोंबडी उचलून तिला ते वऱ्हाडीत काहीतरी म्हणालेही. मग दोरीच्या शेडीत दारातून गेले आणि पावलं टाकून लांबी मोजून आले. देवकी मागोमाग फिरत होती. तिचं हसू आता थांबलं होतं.

"मगे सायबा?"

"सगळं चांगलं आहे," गुल्हाने म्हणाले. "अगदी चांगलं आहे. मी वर पाठवतो."

"वर म्हणजे? कोणाकडे?"

गुल्हानेंनी पाषाणाकडे पाहिलं. सातविणीखाली उदबत्ती अजून जळत होती आणि त्यांच्या हातात प्रसादाचं खोबरं होतं. "वर पाठवावं लागत नाही," ते शेवटी म्हणाले. "एवढ्या रकमेला माझीच सही पुरते."

"मगे इतके म्हयने अडलां खंय?"

"तिथंच अडलं, बाई. सही माझी आहे. उद्या कोंबड्या मेल्या तर ती सही कोणाची म्हणून विचारतील."

देवकीला राग आला. इतका वेळ हसत असलेल्या बाईला आला म्हणून तो जास्तच आला. कितीतरी हेलपाटे, कितीतरी दारं, भाऊबंदांच्या ओसरीवर ऐकून घेतलेले टोमणे, आणि अडलं होतं ते या एका पेनाच्या टोकाशी! तिने साहेबांच्या काखेतली फाइल ओढून घेतली, उघडली आणि शेवटचं पान त्यांच्या नाकासमोर धरलं.

"ही बघा. हंय खाली कोणाची सय आसा?"

"तुमची."

"माझी. कोंबड्यो मेल्यो तर तुमका विचारतले, माका काय सोडतले? माझां घर आसा ह्या कागदार, घोवाची जमीन आसा, माझे दोनय हात आसत. मीय भियेतंय सायबा. रातची उठान बसतंय. पण मी सय केलंय. तुमच्या आदीं केलंय."

कोणी हसलं नाही.

गुल्हाने त्या सहीकडे बघत राहिले. सही मोठी आणि गोल अक्षरांची होती, ठरवून, सावकाश केलेली. त्यांनी खिसा चाचपला आणि पेन काढलं. "कशावर ठेवू?" त्यांनी विचारलं. आजूबाजूला दगड होते आणि शेण होतं.

सगुण उठला, पुढे आला आणि कंबरेत वाकून त्याने पाठ पुढे केली. खाणीवर असताना भरलेल्या ट्रकाच्या चलनांवर तो अशीच पाठ पुढे करून सह्या घेत असे. गुल्हानेंनी पाठीवर फाइल ठेवली, पाहणीचा शेरा लिहिला, खाली 'मंजूर' लिहिलं. पण सगुणला पाठीत गुदगुल्या व्हायच्या हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सही अर्ध्यावर आली आणि तो खिदळायला लागला. "हालू नका हो!" साहेब ओरडत होते, "रव रे! रव मेल्या!" देवकी ओरडत होती, दोन माणसांनी सगुणचे खांदे दाबून धरले होते आणि तो हसून हसून थरथरत होता.

दुसऱ्या दिवशी बँकेत तपासणी अधिकाऱ्यांनी ती सही बघून चष्मा पुसला. "गुल्हाने, सही करताना हात कापत होता काय?"

"नाही साहेब," गुल्हाने म्हणाले. "हात नव्हता कापत."